खुणांची भाषा आणि नाटकाची तालीम

इ. स. १८८० ह्या सालाला मराठी रंगभूमीच्या इतिहासांत मोठें स्थान आहे. त्या वर्षीं ३१ ऑक्टोबर रोजीं पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतला'चा पहिला प्रयोग झाला आणि तेव्हांपासून नाटक 'पाहावयास' जाणारा मराठी माणूस खरें म्हणजे तें 'ऐकावयास' जाऊं लागला. पदें, ताना, पल्लेदार स्वगतें, विनोदी कोट्या हें मराठी नाटकाचें सारें वैभव पुष्कळसें कानांवाटेंच घरोघर पोंचलें. त्याच वर्षीं, ह्या प्रयोगापूर्वी दोन महिनेही झाले नव्हते तोंच, इटलींतील मिलान शहरीं बधिरांना शिकविणाऱ्या शिक्षकांची एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. बधिर मुलांना शिकवितांना खुणांची भाषा वर्ज्य करावी, दुसऱ्याच्या ओठांवरून बोलणें ओळखावयास व तोंडानें बोलावयासच त्यांना शिकवावें, असा ठराव तेथें बहुमतानें संमत झाला. ठराव करणारे जवळजवळ सर्वच ऐकूं येणारे होते. ह्या ठरावाबद्दल त्याच परंपरेंतील परिषदेनें खेद व्यक्त केला तो २०१० सालीं, कॅनडांतील व्हँकूव्हर येथें. म्हणजे १३० वर्षांनीं.

ह्या दोन घटनांचा एकमेकींशीं कांहीं संबंध नव्हता. परंतु दोहोंचा परिणाम एकाच मुलावर झाला: ज्याला ऐकूं येत नाहीं अशा मुलावर. शाळेंत त्याचे हात आवरले गेले आणि नाटकगृहांत त्याच्यासाठीं फारसें कांहीं उरलें नाहीं. म्हणून जेव्हां एखाद्या महाविद्यालयाचे विद्यार्थी, कांहीं ऐकूं येणारे व कांहीं न येणारे, एकत्र येऊन खुणांची भाषा व बोलकी मराठी ह्या दोहोंत मिळून एक नाटक बसवावयास घेतात, तेव्हां तो नुसता हौसेचा मामला राहत नाहीं. असें नाटक कसें बसतें, तालमींत नेमकें काय घडतें, आणि तें वाईट बसलें तर कोणाचें नुकसान होतें, ह्याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम खुणांच्या भाषेविषयींचे दोन-तीन गैरसमज दूर केले पाहिजेत. बाजारांत भाव विचारतांना किंवा घाटांत मोटार मागें घेतांना क्लीनर ड्रायव्हरला हातानें जें दाखवितो, तेवढीच खुणांची भाषा, असें पुष्कळांना वाटतें. तें खरें नाहीं. ती व्याकरण असलेली पुरी भाषा आहे. हाताचा आकार, तो शरीराच्या कोणत्या भागापाशीं धरला आहे, तळवा कोणीकडे आहे, हात कसा हलला, आणि त्याच वेळीं चेहऱ्यावर काय होतें, ह्या सर्वांनीं मिळून एक शब्द बनतो. १९६० सालीं विल्यम स्टोकी ह्या अमेरिकन प्राध्यापकानें अशी फोड करून दाखविली आणि तेव्हांपासून भाषाशास्त्रज्ञ ह्या भाषांकडे भाषा म्हणून पाहूं लागले. दुसरा गैरसमज असा कीं, ही भाषा जगभर एकच आहे. तसेंही नाहीं. अमेरिकेची निराळी, इंग्लंडची निराळी, भारताची निराळी. भारतांतही शहराशहरांत कांहीं शब्द बदलतात, पण व्याकरणाचा सांचा बराचसा एकच राहतो. तिसरा गैरसमज असा कीं, ही मराठीचीच हातानें केलेली नक्कल होय. भारतीय खुणांच्या भाषेंत 'आहे' ह्या अर्थाचें क्रियापद लागत नाहीं. काळ दाखविणारा शब्द बहुधा आरंभीं येतो. आणि 'कोण', 'कोठें', 'कां' हे प्रश्नवाचक शब्द वाक्याच्या शेवटीं येतात. 'तूं उद्यां कोठें जाणार आहेस?' ह्या वाक्याचा क्रम हातावर 'उद्यां, तूं, जाणें, कोठें' असा होतो. आणि तो प्रश्न आहे हें चेहरा सांगतो. चेहरा कोरा ठेवून केलेली खूण ही सपाट आवाजांत वाचलेल्या वाक्यापेक्षांही अपुरी असते.

नाट्यशास्त्र वाचलेल्यांना येथें हस्तमुद्रांची आठवण होईल. भरतानें अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत आणि एका हाताच्या २४ व दोन हातांच्या १३ मुद्रा वर्णिल्या आहेत. परंतु मुद्रा ही नर्तकाची संपत्ति आहे. ती घेऊन कोणी घरीं भाजी मागत नाहीं कीं भांडण करीत नाहीं. खुणांची भाषा ही रोजच्या जगण्याची भाषा आहे. दोहोंचा हात एकच असला तरी धंदा निराळा. एका गोष्टींत मात्र जुनी परंपरा ह्या नव्या नाटकाला जवळची आहे. कथकळींत नट बोलत नाहीं. तो हातांनीं व डोळ्यांनीं अर्थ दाखवितो आणि मागें उभे असलेले गायक शब्द म्हणतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळजवळच्या पिंगुळी गांवीं ठाकर कलावंत कळसूत्री बाहुल्या नाचवितात, तेथेंही हालचाल एकाची व वाणी दुसऱ्याची असते आणि पाहणाऱ्याला क्षणभरानंतर दोन्हीं एकच वाटूं लागतात. शरीर एकाचें व आवाज दुसऱ्याचा ही कल्पना प्रेक्षकाला परकी नाहीं, इतकें ह्यावरून दिसेल.

विद्यार्थ्यांनीं असें नाटक करण्याचा एक फार चांगला दाखला अमेरिकेंतील आहे. वॉशिंग्टन येथें बधिरांसाठीं १८६४ पासून चालत आलेलें गॅलॉडेट कॉलेज आहे. आज तें विद्यापीठ आहे. मे १९४२ मध्यें तेथील विद्यार्थ्यांनीं 'आर्सेनिक अँड ओल्ड लेस' हें त्या वेळीं गाजत असलेलें नाटक न्यूयॉर्कच्या फुल्टन थिएटरांत, म्हणजे तें मूळ ज्या रंगमंचावर चाललें होतें तेथेंच, एके दिवशीं करून दाखविलें. विद्यार्थी खुणांनीं अभिनय करीत आणि ऐकूं येणारे वाचक त्यांचे संवाद मोठ्यानें म्हणत. बोरिस कार्लोफ हा नामांकित नट मूळ प्रयोगांत करीत असलेली भूमिका एरिक माल्झकुन ह्या विद्यार्थ्यानें केली. १९६७ सालीं त्याच देशांत 'नॅशनल थिएटर ऑफ द डेफ' ही व्यावसायिक मंडळी निघाली. पुढें लॉस एंजेलिसच्या 'डेफ वेस्ट' ह्या १९९१ सालीं स्थापन झालेल्या संस्थेनें तर संगीत नाटकेंच हातीं घेतलीं. 'बिग रिव्हर' हें तिचें नाटक २००३ सालीं आणि 'स्प्रिंग अवेकनिंग' २०१५ सालीं ब्रॉडवेवर आलें. पहिल्या नाटकांत एका समूहगीताच्या मध्यावर आवाज एकाएकीं थांबतो, वाद्यें थांबतात, आणि सगळा नटसंच तेंच गीत केवळ हातांनीं पुढें चालवितो. ऐकूं येणाऱ्या प्रेक्षकाला त्या शांततेचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाहीं. भारतांत कलकत्त्यास झरीन चौधरी ह्यांनीं १९७३ सालीं 'द ॲक्शन प्लेयर्स' ही बधिर कलावंतांची मंडळी उभी केली. मुंबईचे नर्तक अस्ताद देबू ह्यांनीं ह्या मंडळीबरोबर व नंतर चेन्नईच्या क्लार्क शाळेच्या विद्यार्थ्यांबरोबर अनेक वर्षें काम केलें.

आतां तालमीकडे वळावें. त्यासाठीं एक उदाहरण समोर ठेवणें सोयीचें होईल. महाड व पोलादपूर मागें टाकलें कीं मुंबई-गोवें रस्ता कशेडीचा घाट चढूं लागतो आणि डोंगरापलीकडे रत्नागिरी जिल्ह्यांतील खेड तालुका लागतो. सुमारें दोन किलोमीटर लांबीच्या बोगद्यांतून २०२३ सालीं वाहनें जाऊं लागलीं, तरी ह्या मुलखांतील डोंगर, पाऊस व दरडी ह्यांचें नातें तुटलेलें नाहीं. २२ जुलै २०२१ रोजीं महाड तालुक्यांतील तळीये येथें दरड कोसळून ८० हून अधिक माणसें दगावलीं. त्याच पावसांत पोलादपूर तालुक्यांतील केवनाळे व साखर सुतारवाडी येथेंही माणसें गेलीं. अशा मुलखांतील विद्यार्थ्यांनीं एक एकांकिका बसवावयास घेतली आहे अशी कल्पना करावी. गोष्ट साधी आहे. घाटाखालच्या वाडींतला सदू हा कर्णबधिर मुलगा गुरें घेऊन वरच्या माळाला जातो. तेथें त्याला जमिनीला पडलेली लांब भेग दिसते. नेहमींचा झरा एकाएकीं गढूळ झालेला दिसतो. हीं दोन्हीं दरड सरकण्याचीं पूर्वचिन्हें होत. तो धांवत खालीं येतो आणि सांगूं लागतो. आई, आजी, पोलीस पाटील, चहाच्या टपरीवाला, सगळे त्याच्याकडे पाहतात. पण त्याची भाषा वाडींत कोणालाच येत नाहीं.

तालमीचें पहिलें काम म्हणजे संहितेचें भाषांतर. हें घरीं बसून एकट्यानें करण्याचें काम नव्हे. लेखकानें लिहिलें आहे: 'वरच्या माळाला भेग पडली आहे, झऱ्याचें पाणी गढूळ झालें आहे, सगळ्यांनीं आत्तांच्या आत्तां शाळेंत चला.' ह्याचा शब्दाला शब्द लावला तर बधिर नटाला तें पाठ करावें लागेल आणि बधिर प्रेक्षकाला तें कंटाळवाणें वाटेल. खुणांच्या भाषेंत तो नट प्रथम हवेंत डोंगराचा उतार उभा करील. त्याच्या पायथ्याशीं घरें मांडील. उतारावर एक आडवी भेग दाखवील, तिच्याखालून निघालेलें पाणी दाखवील. आणि मग डोंगर झालेला तोच हात खालीं घसरून घरें झालेल्या दुसऱ्या हातावर येईल. बोलक्या मराठींत ज्याला तीन वाक्यें लागलीं तें येथें एका चित्रांत झालें. म्हणून भाषांतर करतांना बधिर नट, दुभाषी व लेखक हे तिघे एकत्र बसतात. आणि पुष्कळदां असें होतें कीं खुणांची मांडणी ठरल्यावर मूळ मराठी वाक्यच बदलावें लागतें. पात्रांच्या नांवांचेंही तसेंच. बधिर समाजांत प्रत्येक माणसाला एक खुणेचें नांव असतें, तें बहुधा त्याच्या एखाद्या लकबीवरून किंवा रूपावरून पडतें. नाटकांतील आजीला, पाटलाला अशीं नांवें द्यावीं लागतात; तीं देण्याचा मान बधिर नटांचा.

दुसरें काम जोड्या लावण्याचें. एकाच नटानें बोलतां बोलतां खुणाही कराव्यात, म्हणजे दोन्हीं प्रेक्षकांची सोय होईल, असें प्रथम सर्वांनाच वाटतें. अनुभव उलट आहे. दोन भाषांचे क्रम निराळे असल्यामुळें दोन्हीं एकदम करूं जातां एक भाषा दुसरीच्या मागून लंगडत चालते. आणि मागें पडते ती बहुधा खुणांचीच, कारण ऐकूं येणाऱ्या नटाची जीभ पहिली धांवते. म्हणून एका पात्राला दोन नट देतात. एक खुणा करतो, दुसरा त्याचा आवाज होतो. आवाज देणारा विंगेंत लपला तर तो प्रॉम्प्टर वाटूं लागतो. त्याला रंगमंचावर जागा दिली तर तो पात्राची सावली होतो. सदूचा आवाज कोणी द्यावयाचा? त्याचा मित्र, त्याची बहीण, कीं डोंगर स्वतः? तालमींत हे पर्याय करून पाहतात, आणि ज्या पर्यायांत प्रेक्षकाची नजर आवाजाकडे न जातां हातांकडे राहते तो ठेवतात.

मग ताल जमवावा लागतो. आवाज हा हाताच्या मागोमाग यावयाचा असतो, पुढें नव्हे. आवाज आधीं आला तर ऐकूं येणारा प्रेक्षक हात पाहणेंच सोडून देतो. परंतु तो फार मागें राहिला तर हंशा दोनदां पिकतो: आधीं बधिर प्रेक्षकांत, मग बाकीच्यांत, आणि मधल्या वेळांत रंगमंचावरील नटानें काय करावें हा प्रश्न उभा राहतो. आवाजाच्या नटाला हात पाहून श्वास घ्यावयास शिकावें लागतें. तबलजी गवयाच्या तोंडाकडे पाहतो तसेंच हें. बधिर नट ह्या बाबतींत चालक असतो, ही गोष्ट पहिल्या आठवड्यांतच स्पष्ट केलेली बरी, नाहींतर नकळत उलटें होतें.

ह्याहून अवघड प्रश्न म्हणजे बधिर नटाला आपली वेळ कशी कळावी. सामान्य नाटकांत दुसऱ्याच्या वाक्याचा शेवटचा शब्द ऐकून नट आपलें वाक्य उचलतो. येथें तो मार्ग बंद. त्याऐवजीं डोळ्यांना व अंगाला कळतील अशा सूचना योजतात: चहावाला पेला फळीवर ठेवतो, आजी पदर डोक्यावर घेते, दिवा किंचित मंद होतो, शेजारून जाणाऱ्याचा खांद्याला ओझरता स्पर्श होतो. लाकडी मंचावर ढोलाचा ठोका तळपायांना जाणवतो. शाळेच्या फरशीवर किंवा सिमेंटच्या कट्ट्यावर तो तितका जाणवत नाहीं, म्हणून प्रयोग कोठें व्हावयाचा हें आधीं पाहून तालीम करावी लागते. चांगली सूचना प्रेक्षकाला सूचना वाटत नाहीं. ती कथेचाच भाग होऊन जाते. पेला ठेवल्याचा आवाज नाहीं तर पेला ठेवण्याची क्रिया महत्त्वाची, हें एकदां ध्यानांत आलें कीं ऐकूं येणारे नटही अधिक नेमके होतात. हातवारे ओघळूं देण्याची संवय मोडते, कारण येथें हाताची प्रत्येक निरर्थक हालचाल म्हणजे मध्येंच उच्चारलेला निरर्थक शब्द होय.

उभें राहण्याच्या जागा, उजेड व वेष ह्यांचेही नियम बदलतात. ज्याच्या खुणा पाहावयाच्या त्याचे हात व चेहरा प्रेक्षकांना आणि समोरच्या बधिर नटालाही दिसले पाहिजेत. त्यामुळें दोघे समोरासमोर न उभे राहतां थोडे तिरपे उभे राहतात. डोंगर मंचाच्या डाव्या हाताला मांडला असेल तर खुणेंतला डोंगरही त्याच बाजूला हवा. वर्गांत तोंड फिरवून केलेल्या तालमींत हें हमखास चुकतें. वेषाचा रंग हाताच्या रंगाहून वेगळा व सपाट असावा. चट्ट्यापट्ट्यांच्या सदऱ्यावर बोटें हरवतात. ओठांवर उतरलेल्या मिशा निम्मा चेहरा झांकतात. पावसाच्या नाटकांत तर आणखी एक पेंच आहे: छत्री किंवा कंदील धरला कीं एक हात गेला, म्हणजे निम्मी भाषा गेली. येथें कोंकणचें जुनें इरलें कामाला येतें. भातलावणीला हात मोकळे राहावेत म्हणूनच तें डोक्यापाठीवर घेत. सदूच्या पाठीवर इरलें व पाटलाच्या हातांत छत्री दिली तर वेषांतूनच दोघांचा फरक दिसतो. आणि उजेडाविषयीं एक व्यावहारिक सूचना: वीज गेली तरी बोलकें नाटक अंधारांत कसेंबसें चालतें, हें नाटक मात्र तेथेंच थांबतें. पावसाळी मुलखांत बॅटरीवर चालणारे दोन-चार दिवे तयार ठेवणें ही चैन नव्हे.

दिग्दर्शकाला आपल्या पुष्कळशा संवयी बदलाव्या लागतात. बधिर नट एका वेळीं एकाच ठिकाणीं पाहूं शकतो. म्हणून करून दाखवितांना बोलूं नये, आणि बोलतांना करून दाखवूं नये. पाठ फिरवून सूचना देऊं नयेत. चौघांनीं एकदम बोलूं नये. दुभाषी मध्यें असला तरी 'त्याला सांग कीं' असें न म्हणतां नटाकडेच पाहून बोलावें. दुभाष्याचें काम थकविणारें असतें. वीस-तीस मिनिटांनीं त्याला विश्रांति नाहीं तर बदली हवी. शिवाय डोळेही थकतात. चार तासांच्या तालमींत ऐकूं येणारा नट डोळे मिटून टेकूं शकतो व तरीही काय चाललें आहे तें ऐकूं शकतो. बधिर नटाला ती सवलत नाहीं. तालमीनंतरच्या चहाच्या वेळीं जेव्हां सारे हंसतात आणि एकालाच कां तें कळत नाहीं, तेव्हां त्या दिवसाची तालीम वाया गेली असें समजावें. म्हणून अशा मंडळींत ऐकूं येणाऱ्या मुलांना खुणांचे आरंभींचे धडे पहिल्या वाचनाआधींच देतात. त्यासाठीं साधनें आतां आहेत. दिल्लीस २०१५ सालीं भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू झालें आणि त्याच्या शब्दकोशांत २०२१ सालीं १०,००० शब्द झाले. तरी कोशांतून भाषा येत नाहीं. ती समोरच्या माणसाकडून येते.

आतां ह्या एकांकिकेंतील खरा प्रश्न. सदू धांवत येऊन खुणा करूं लागतो, त्या क्षणीं त्याचा आवाज प्रेक्षकांना ऐकवावा कीं नाहीं? ऐकविला तर सर्वांनाच कळतें कीं दरड येणार, आणि न समजणाऱ्या वाडीकडे पाहून प्रेक्षकाचा जीव कासावीस होतो. हा मार्ग सोपा आहे व नाट्यमयही आहे; पण त्यांत ऐकूं येणारा प्रेक्षक नकळत शहाण्याच्या खुर्चींत बसतो. 'वाडीला कळत नाहीं, मला कळतें,' असें त्याला वाटतें. आणि तें खोटें असतें, कारण त्याला खूण कळलेली नसते, आवाज कळलेला असतो. उलट, आवाज बंद ठेवला तर तो प्रेक्षक वाडींतलाच एक होतो. समोर एक मुलगा जिवाच्या आकांतानें कांहीं सांगत आहे एवढेंच त्याला दिसतें. सभागृहांतील बधिर प्रेक्षकांना मात्र सर्व कांहीं स्वच्छ कळत असतें. कदाचित् आयुष्यांत प्रथमच त्यांना इतरांच्या आधीं कळतें. एकाच सभागृहांत ज्यांना नेहमीं मागाहून सांगितलें जातें ते पुढें जातात, आणि नेहमीं पुढें असणारे मागें राहतात. हा निर्णय दिग्दर्शकाने एकट्यानें घेऊं नये. दोन्हीं रीतींनीं तालीम करावी, दोन्हीं प्रकारचे चार प्रेक्षक बसवावे आणि मग ठरवावें. एक मधला मार्गही आहे: प्रथम आवाजाशिवाय, मग, उशीर झाल्यावर, तोच प्रसंग आवाजासह पुन्हां. त्या वेळीं प्रेक्षकाला कळतें कीं आपल्याला सांगितलें गेलें होतें.

ही केवळ नाटकाची युक्ति नव्हे. धोक्याची सूचना आपल्या समाजांत अजून बहुतेक आवाजानेंच दिली जाते: हांक, भोंगा, ध्वनिक्षेपक, दारावरची थाप. रात्रीं, पावसांत, गाढ झोपेंत ती बधिर माणसापर्यंत पोंचत नाहीं; आणि त्याला कांहीं दिसलें तर तेंही इतरांपर्यंत पोंचत नाहीं. २०११ च्या जनगणनेंत भारतांतील श्रवणदोष असलेल्यांची नोंद ५० लाखांहून अधिक आहे. अमेरिकेंतील पाहण्यांत असें आढळलें आहे कीं शेंकडा ९० हून अधिक बधिर मुलें ऐकूं येणाऱ्या आईबापांच्या पोटीं जन्माला येतात. म्हणजे बहुतेक बधिर मुलें ज्या घरांत वाढतात त्या घराला त्यांची भाषा येत नसते. मुंबईंत बिशप लिओ म्यूरिन ह्यांच्या पुढाकारानें १८८५ च्या सुमारास बधिरांची शाळा निघाली, त्याला आतां जवळजवळ दीड शतक होत आलें. पुढें देशांत पुष्कळ शाळा निघाल्या. तरी त्यांतील अनेक शाळांत दीर्घकाळ वर्गांत ओठांचीच भाषा चाले, आणि खुणांची भाषा मुलांनीं वसतिगृहांत व खेळाच्या मैदानावर एकमेकांपासून उचलली. डोंगरांतल्या एखाद्या वाडींत जेथें असें दुसरें मूल नाहीं, तेथें तेवढाही आधार नसतो. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा खुणांच्या भाषेला संवादाचें साधन म्हणून मान्यता देतो. पण कायदा घरांत येऊन हात हलवीत नाहीं.

म्हणून अशा नाटकांत सदूचें काम कोणी करावें हा प्रश्न नटाच्या गुणांपुरता नाहीं. ऐकूं येणाऱ्या हुशार विद्यार्थ्यानें महिनाभरांत खुणा पाठ करून तें काम केलें तर टाळ्या पडतील, बक्षीसही मिळेल. परंतु बधिर प्रेक्षकाला तें परदेशी माणसानें पाठ करून म्हटलेल्या मराठीसारखें वाटेल. तसेंच, बधिर विद्यार्थ्याला नेहमीं बधिर माणसाचेंच, तेंही दयेला पात्र अशा माणसाचेंच, काम द्यावें असेंही नाहीं. त्याला पाटील करतां येईल, खलनायक करतां येईल, विदूषकही करतां येईल. दया हें नाटकांतील एक रसायन असूं शकतें, निवडीचें कारण असूं नये.

रंगीत तालमीआधीं अशा नाटकाला दोन परीक्षा द्याव्या लागतात. एकदां एका प्रेक्षकानें डोळे बांधून सारें नाटक ऐकावें. एकदां दुसऱ्यानें, ज्याला ऐकूं येत नाहीं त्यानें, तें पाहावें. मग दोघांनीं वेगवेगळी गोष्ट सांगावी. दोघांच्या गोष्टींत जेथें खळगा पडेल तेथें पुन्हां तालीम. जो खळगा लेखकानें मुद्दाम ठेवला असेल तोच राहावा, बाकीचे बुजावे. प्रयोगाच्या दिवशीं बधिर प्रेक्षकांना कडेच्या नव्हे तर मधल्या, उजेड नीट दिसेल अशा जागा द्याव्या, आणि शेवटीं टाळ्यांबरोबर हात वर करून हलवावेत. बधिर मंडळींत कौतुकाची रीत ती आहे.

नभोवाणीवरील भाषण बधिर मनुष्यापर्यंत पोंचत नाहीं. छापलें गेलें म्हणजे पोंचतें. नाटकाला मात्र ही दुसरी संधि नसते. तें ज्या घटकेला होतें त्याच घटकेला सर्वांपर्यंत पोंचलें पाहिजे. मराठी नाटकानें कानांसाठीं जें केलें तें अजोड आहे, त्यांतलें कांहींही कमी करण्याचें कारण नाहीं. प्रेक्षागृहांत आणखी कांहीं खुर्च्या आहेत एवढेंच ध्यानांत ठेवून तालीम करावयाची. आणि ती सुरू करावयाला फार मोठें नाटकगृह लागत नाहीं, एक लाकडी मंच, चांगला उजेड आणि एकमेकांच्या हातांकडे पाहण्याची तयारी एवढें पुरतें.